अहवालानंतर फेकला जाणारा जंतू

अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला हुडहुडी भरून ताप आला आणि रक्तदाब खाली जाऊ लागला, की रक्ताच्या कल्चरच्या, म्हणजे त्यातला जिवाणू वाढवून पाहण्याच्या, बाटल्या प्रयोगशाळेत येतात. बाटली यंत्रात ठेवली जाते आणि आत जिवाणू वाढत असेल, तर बहुधा एक-दोन दिवसांत यंत्र इशारा देते. मग एक थेंब काचपट्टीवर घेऊन ग्रॅम रंजन, म्हणजे जिवाणू दिसावा म्हणून रंग देणे, होते आणि थोडा भाग ब्लड अगार व मॅकॉन्की अगार या जिवाणू वाढवण्याच्या माध्यमांच्या प्लेटवर पसरला जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅकॉन्कीवर गुलाबी, ओलसर, एकमेकांत मिसळून गेलेल्या वसाहती दिसल्या, की अनुभवी तंत्रज्ञाच्या तोंडून ‘क्लेब्सिएला’ हे जिवाणूचे नाव आपोआप निघते. कोणते औषध लागू पडेल आणि कोणते पडणार नाही, याचा तक्ता आणखी एका दिवसाने तयार होतो. अहवाल वॉर्डात जातो आणि प्लेट काही दिवस फ्रिजमध्ये राहून, दाबाच्या वाफेने निर्जंतुक (ऑटोक्लेव्ह) होऊन, पिवळ्या पिशवीतून जैववैद्यकीय कचऱ्यात जाते. नियमाला धरून पाहिले तर यात काहीच चूक नाही. माझे म्हणणे प्लेट कचऱ्यात जाण्याच्या अगोदरच्या पायरीविषयी आहे. त्या प्लेटवरची एक वसाहत उचलून जपून ठेवावी, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या सरकारी व खाजगी अशा सर्व रुग्णालयांतल्या अशा जंतूंचे जिनोम सिक्वेन्सिंग, म्हणजे त्यांच्या संपूर्ण जनुकीय संहितेचे अक्षर न् अक्षर वाचन, एकत्रितपणे, सार्वजनिक खर्चाने व्हावे, अशी व्यवस्था उभी करण्याची वेळ आली आहे.

सर्वच जंतूंसाठी हा खटाटोप करावा असे मी म्हणत नाही. जखमेच्या वरच्या थरात, घशात, आतड्यात जिवाणू असतातच आणि त्यातले पुष्कळसे निरुपद्रवी असतात. रक्त किंवा मेंदू-मज्जारज्जूभोवतीचे पाणी यांत मात्र एरवी जिवाणू असता कामा नये. तिथे तो सापडला, तर त्याने शरीराची तटबंदी ओलांडली आहे असाच अर्थ होतो. रुग्णालयात दाखल असलेल्या माणसाच्या बाबतीत ही तटबंदी अनेकदा आपणच, उपचारासाठी, मोडलेली असते. मानेतल्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन ही नळी असते, लघवीला कॅथेटर असतो, श्वासनलिकेत व्हेंटिलेटरची नळी असते. अशा रक्तातल्या संसर्गांमागे वारंवार दिसणारे जिवाणू थोडेच आहेत: क्लेब्सिएला न्यूमोनी, ॲसिनेटोबॅक्टर बॉमानी, ई. कोलाय, स्टॅफिलोकोकस ऑरियस, स्यूडोमोनास. एवढ्यांपुरते पाहिले तरी पुरे आहे.

मुक्तपणे जगणाऱ्या जिवाणूचा संपूर्ण जिनोम पहिल्यांदा वाचला गेला तो 1995 साली. तो हिमोफिलस इन्फ्लुएन्झी होता आणि त्यात सुमारे 18 लाख अक्षरे होती. क्लेब्सिएलाच्या जिनोममध्ये साधारण 53 ते 55 लाख अक्षरे असतात. मोठ्या संस्थांनी मिळून करायचे हे काम आता मुठीत मावणाऱ्या यंत्रावर दीड-दोन दिवसांत होऊ शकते आणि एका जिवाणूमागे येणारा खर्च काही हजार रुपयांत बसतो. यातून मिळणारी माहिती नेहमीच्या कल्चर अहवालात नसते. दोन रुग्णांच्या अहवालांत ‘क्लेब्सिएला, मेरोपेनेमला दाद देत नाही’ असे एकच वाक्य असेल (मेरोपेनेम हे गंभीर संसर्गात वापरायचे अँटिबायोटिक), पण एकाचा जंतू दुसऱ्याकडून आला की दोघांचे जंतू वेगवेगळ्या ठिकाणांहून आले, हे त्या वाक्यातून कळत नाही. जिनोम वाचला तर कळते. दोन जिवाणूंमध्ये पन्नास लाखांपैकी पाच-दहा अक्षरांचाच फरक असेल, तर ते अलीकडेच एका मुळापासून फुटलेले असणार. फरक हजारोंचा असेल, तर त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. नेमकी सीमारेषा कुठे ओढायची यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि ती जंतूगणिक बदलते. मात्र टोकाच्या बाबतीत शंका राहत नाही.

कोल्हापूरसारख्या ठिकाणी या माहितीचे मोल अधिक का आहे, हे समजण्यासाठी रुग्णाचा एक नेहमीचा मार्ग पाहावा. चंदगड किंवा आजऱ्याकडे दुचाकीचा अपघात होतो. डोक्याला मार लागलेल्या माणसाला प्रथम तालुक्याच्या ठिकाणी नेतात, तिथून रात्रीच रुग्णवाहिकेने कोल्हापुरात राजारामपुरीतल्या किंवा शाहूपुरीतल्या एखाद्या खाजगी आयसीयूत आणतात. शस्त्रक्रिया होते, व्हेंटिलेटर लागतो, दिवस वाढत जातात. सरकारी आरोग्य योजनेच्या पॅकेजची मर्यादा संपते, दागिने गहाण पडतात आणि एके दिवशी नातेवाईक सांगतात की आता ‘थोरल्या दवाखान्यात’, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) या सरकारी रुग्णालयात, हलवतो. काही जण मिरजेला जातात, ज्यांना परवडते ते पुण्याला. उलट दिशेनेही माणसे येतात: तळकोकणातून घाट चढून, सीमेपलीकडच्या निपाणी-चिकोडी भागातून. रुग्णाबरोबर स्कॅनच्या फिल्म येतात, बिलांची चळत येते, डिस्चार्ज कार्ड येते. त्याच्या आतड्यात, नळीत किंवा कातडीवर बसलेला, मागच्या आयसीयूतून उचललेला जंतूही येतो, पण त्याची नोंद बहुतेक वेळा कोणत्याच कागदावर नसते. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला आठ दिवसांनी तोच संसर्ग झाला, तर नव्या रुग्णालयाला वाटते की हे आपल्याच वॉर्डातले आहे, आणि जुन्या रुग्णालयाला तर काही कळतच नाही. प्रत्येक जण आपापल्या चार भिंतींच्या आत पाहतो. जंतू मात्र जिल्हाभर फिरत असतो. एकाच रुग्णालयाने, कितीही मन लावून, स्वतःपुरते सिक्वेन्सिंग केले तरी हा प्रवास त्याला दिसणार नाही. म्हणून माझा आग्रह जिल्ह्याच्या पातळीवरच्या व्यवस्थेचा आहे.

हे केवळ तर्काने सांगतो आहे असे नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या स्वतःच्या रुग्णालयात, म्हणजे साधनांची कमतरता नसलेल्या ठिकाणी, 2011 साली दुसऱ्या रुग्णालयातून एक रुग्ण आला. त्याच्या अंगी औषधांना न जुमानणारा क्लेब्सिएला असल्याचे माहीत होते, म्हणून त्याला वेगळे ठेवले गेले, सारी काळजी घेतली गेली, आणि महिनाभराने तो घरी गेला. तीन आठवडे काहीच घडले नाही. मग दुसऱ्या एका रुग्णात तोच जंतू सापडला, आणि पुढे हा आकडा 18 वर गेला. त्यांतले 11 जण दगावले आणि त्यांपैकी 6 मृत्यू थेट या संसर्गामुळे झाल्याचे ठरवले गेले. मधल्या तीन आठवड्यांच्या खंडामुळे हा जंतू बाहेरून नव्याने आला असावा, असे मानायला जागा होती. जिनोम वाचल्यावर ती जागा उरली नाही, कारण सगळे धागे पहिल्या रुग्णापर्यंत जात होते. मधल्या काळात जंतू अशा माणसांच्या शरीरात गुपचूप राहिला होता, ज्यांना त्याचा कसलाही त्रास होत नव्हता. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या नवजात शिशू कक्षात मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसचा उद्रेक झाला. कक्षाची कसून स्वच्छता झाली, 64 दिवस नवा रुग्ण नव्हता, आणि नंतर पुन्हा एका बाळात तोच जंतू निघाला. 154 कर्मचाऱ्यांची तपासणी केली, तेव्हा एका व्यक्तीच्या अंगावर तो आढळला आणि जिनोमने तो त्याच घराण्यातला असल्याचे दाखवले. त्या व्यक्तीवर जंतू घालवण्याचे उपचार झाले. तिचे नाव जाहीर झाले नाही, आणि ही बाब माझ्या मते उद्रेक शोधण्याइतकीच महत्त्वाची आहे. त्याकडे पुढे येतोच.

आपल्या देशात काहीच होत नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे औषधरोधाच्या पाहणीचे जाळे 2013 पासून काम करते आहे. बेंगळुरूच्या केंपेगौडा वैद्यकीय संस्थेतील प्रयोगशाळा जिवाणूंच्या जिनोम पाहणीच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात कोलंबिया, नायजेरिया आणि फिलिपिन्ससह सामील झाली, आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे काम तर जगभर उद्धृत होते. या कामांतून समजले, की भारतातील रुग्णालयांत क्लेब्सिएलाची एसटी 231 सारखी मोजकी घराणीच पुन्हा पुन्हा दिसतात आणि त्यांच्याजवळ ऑक्सा-232 नावाचे, मेरोपेनेमसारखी कार्बापेनेम गटातली औषधे निकामी करणारे जनुक असते. ई. कोलायमध्ये आणखी एक गोष्ट उघड झाली. एनडीएम हे कार्बापेनेम निकामी करणारे दुसरे जनुक बाळगणाऱ्या येथील अनेक ई. कोलायच्या पेशीभित्तिका बांधणाऱ्या एका प्रथिनात चार अमिनो आम्लांची भर पडलेली असते, आणि त्यामुळे एनडीएमवरचा उपाय म्हणून ज्या ॲझट्रिओनाम या अँटिबायोटिककडे पाहिले जाते त्याचीही धार कमी होते. या सगळ्याचा मोठा भाग बड्या शहरांतल्या बड्या रुग्णालयांतून आलेला आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी काय चालले आहे, याचा अंदाज आपण महानगरांवरून बांधतो. वास्तविक महानगरांत पोचणारे कित्येक रुग्ण जिल्ह्यांतूनच जंतू घेऊन आलेले असतात.

आता विरोधातले मुद्दे घेतो. पहिला मुद्दा चिकित्सकांचा आहे आणि तो बिनतोड आहे. रुग्ण समोर तडफडत असताना जिनोमचा अहवाल काय कामाचा? खरे तर फारसा नाही. ऑक्सा-232 असेल तर सेफ्टाझिडिम-ॲविबॅक्टम हे जोड-औषध लागू पडण्याची शक्यता असते, आणि एनडीएम असेल तर ते एकटे उपयोगी पडत नाही. हा फरक जीव वाचवणारा आहे, परंतु तो कळण्यासाठी अख्खा जिनोम वाचावा लागत नाही. गर्भधारणेच्या चाचणीसारख्या साध्या पट्टीवर किंवा पीसीआरवर तो त्याच दिवशी कळू शकतो, आणि ती सोय प्रत्येक मोठ्या आयसीयूला उपलब्ध असायला हवी. शिवाय जनुक सापडले म्हणजे औषध हमखास निकामी होईलच असे नाही, आणि न सापडले म्हणजे ते चालेलच असेही नाही. जिवाणूच्या बाह्य आवरणातली छिद्रे बुजली, तरी औषध आत शिरत नाही. औषध निवडण्यासाठी कल्चर आणि संवेदनशीलतेचा तक्ता हाच आधार आहे आणि राहील. सिक्वेन्सिंगला मी जो मान देऊ पाहतो, तो पुढच्या रुग्णाला संसर्ग होऊ नये यासाठी. ‘तुमच्या रुग्णाच्या जिनोमप्रमाणे औषध देतो’ अशी जाहिरात कोणी करू लागले, तर तिच्याकडे संशयानेच पाहावे.

दुसरा मुद्दा असा, की जिथे एका परिचारिकेकडे झेपणार नाहीत इतके रुग्ण असतात, दोन खाटांमधून धड चालता येत नाही आणि हात धुण्याच्या बेसिनजवळ साबण असेलच याची खात्री नसते, तिथे जिनोमच्या गोष्टी करणे म्हणजे चैन आहे. या आक्षेपातला राग मला समजतो. हात धुण्याला पर्याय नाही, हे कबूल. तथापि ‘आधी साधे, मग आधुनिक’ हा क्रम कागदावर जितका नेटका दिसतो तितका व्यवहारात नसतो. संसर्ग हातांवरून पसरतो आहे, व्हेंटिलेटरच्या नळ्यांतून, बेसिनच्या मोरीतून, की मुळात बाहेरून येणाऱ्या रुग्णांबरोबर, हे कळले नाही तर स्वच्छतेची मोहीम सगळीकडे सारखीच आणि सगळीकडे अर्धवट होते. वॉर्ड धुऊन काढला, फवारणी झाली, पंधरा दिवस बंद ठेवला, फोटो काढले, आणि जंतू पुन्हा आला. कुठे धुवायचे हे सांगणारी चाचणी कमी मनुष्यबळाच्या जागीच अधिक उपयोगी असते, कारण तिथे वाया घालवायला माणसे नसतात.

खरी अडचण पैशाची किंवा तंत्राचीही नाही. ती भीतीची आहे. ‘तुमच्या रुग्णालयातला जंतू’ असे शब्द कागदावर उमटले, तर तो कागद उद्या ग्राहक आयोगात येईल, ही धास्ती खाजगी डॉक्टरांना वाटते. डॉक्टरांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालीच ठरवले आहे. कागद न्यायालयात गेला नाही, तरी संतापलेले नातेवाईक काचा फोडू शकतात. असे हल्ले रोखण्यासाठी 2010 साली राज्याला स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून भीती काल्पनिक नाही हे दिसते. सरकारी रुग्णालयात न्यायालयापेक्षा चौकशी समितीची, निलंबनाची आणि दुसऱ्या दिवशीच्या मथळ्याची भीती असते. परिणाम असा होतो, की कल्चर घ्यायचेच नाही, घेतले तर ते उशिरा, अँटिबायोटिक सुरू झाल्यावर घ्यायचे, आणि मृत्यूच्या कागदावर ‘सेप्सिस’ एवढाच शब्द लिहायचा. कोणी कट करून हे करतो असे नव्हे. सवयीने होते, आणि ही सवय प्रत्येकाच्या सोयीची असते.

राष्ट्र म्हणून आपण याच सवयीचे दर्शन घडवले आहे. 2008 साली दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णात एनडीएम सापडले आणि त्याला ‘न्यू दिल्ली’ हे नाव मिळाले. शहराचे नाव जंतूच्या गुणधर्माला चिकटवणे अनुचित होते, असे माझेही मत आहे. पण 2010 नंतर झालेली चर्चा नावाच्या अपमानाभोवती आणि वैद्यकीय पर्यटनाच्या नुकसानाभोवतीच फिरत राहिली. 2011 साली दिल्लीतल्या साचलेल्या पाण्याच्या 171 पैकी 51 नमुन्यांत आणि नळाच्या पाण्याच्या 50 पैकी 2 नमुन्यांत ते जनुक आढळल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हाही पहिली प्रतिक्रिया इन्काराची होती. जंतूने आपल्या अस्मितेची दखल घेतली नाही, तो पसरत राहिला.

या भीतीवर उपाय म्हणून सगळेच गुपित ठेवावे, असे काही जण सुचवतात. मला ते मान्य नाही. रुग्णाच्या स्वतःच्या रक्तात काय सापडले, हा अहवाल त्याचा आहे आणि तो त्याला किंवा त्याच्या नातेवाइकांना समजेल अशा भाषेत मिळालाच पाहिजे. त्यात सौदा नाही. मात्र अनेक रुग्णांचे जंतू एकमेकांशी ताडून जो नकाशा तयार होतो, तो वेगळ्या हेतूने केलेला असतो. तो पहिली काही वर्षे रुग्णालयांच्या नावांऐवजी संकेतांकांनी मांडावा, त्यावरची चर्चा संबंधित रुग्णालयांच्या संसर्ग नियंत्रण समित्यांनी एकत्र बसून करावी आणि त्याचा वापर शिक्षेसाठी होणार नाही असे लेखी आश्वासन शासनाने द्यावे. केंब्रिजमधल्या त्या कर्मचाऱ्याचे नाव छापले गेले असते, तर पुढच्या उद्रेकात 154 जण तपासणीला तयार झाले असते का? उद्रेक झाला आहे हे सत्य, तो आटोक्यात आणण्यासाठी काय केले हे, आणि जिल्ह्यात कोणते औषध किती प्रमाणात निष्प्रभ झाले आहे हे आकडे, या तीन गोष्टी मात्र झाकता कामा नयेत. त्या ठरलेल्या वेळी प्रसिद्ध झाल्या पाहिजेत. नाव झाकण्याच्या बदल्यात संख्या उघडी, अशी ही देवघेव आहे. ती कोणालाच पूर्ण पसंत पडणार नाही, हे मी जाणतो.

हे काम कोठे व्हावे, याचे उत्तर फार अवघड नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा सूक्ष्मजीवशास्त्र विभाग हे त्याचे नैसर्गिक ठिकाण आहे. शिवाजी विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आहे, जिल्ह्यात खाजगी वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि संगणकावर जिनोमचे विश्लेषण शिकायला उत्सुक असलेली मुलेही आहेत. फक्त सुरुवात यंत्रापासून करू नये, अशी कळकळीची विनंती. उद्घाटनाची फीत कापून आलेली, चाचणीच्या रसायनांअभावी प्लॅस्टिकच्या आवरणाखाली बसलेली आणि वार्षिक देखभालीचा करार संपल्यावर तशीच राहिलेली यंत्रे आपल्या सार्वजनिक संस्थांत कमी नाहीत. उणे ऐंशी अंशांचा एक फ्रीजर, जंतू गोठवून जपण्यासाठी ग्लिसरॉलच्या कुप्या, वीज गेली तरी फ्रीजर चालू ठेवणारे जनरेटर, नमुने गोळा करणारी एक गाडी आणि दोन पूर्णवेळ पदे, त्यांतले एक विश्लेषकाचे: एवढ्यावर पहिले वर्ष निघते. विजेचा मुद्दा किरकोळ वाटेल त्याने 2019 आणि 2021 चे महापूर आठवावेत. सिक्वेन्सिंग सुरुवातीला पुण्यातल्या एखाद्या प्रयोगशाळेकडून करून घेता येईल. कोविडच्या काळात विषाणूंचे नमुने असे दूरच्या प्रयोगशाळांत पाठवण्याची पद्धत बसलीच होती, आणि त्यासाठी डिसेंबर 2020 मध्ये देशपातळीवर प्रयोगशाळांचे जाळेही उभे राहिले. विषाणूसाठी जे काही आठवड्यांत जमले, ते जिवाणूसाठी का जमत नाही, याचे उत्तर एवढेच, की जिवाणूची साथ टीव्हीवर दिसत नाही. तिचा एकेक रुग्ण वेगवेगळ्या वॉर्डात, वेगवेगळ्या मूळ आजाराच्या नावाखाली जातो.

जंतूबरोबर त्याच्या मालकाची हकीकतही जपली नाही, तर जिनोमचा उपयोग निम्मा होतो. प्रत्येक कुपीसोबत रुग्ण आधी कोणकोणत्या रुग्णालयांत, किती दिवस होता, कोणत्या वॉर्डात होता, कोणत्या नळ्या लावल्या होत्या, कोणती अँटिबायोटिके घेतली होती, ही माहिती आली पाहिजे. डिस्चार्ज कार्डावर मागच्या कल्चरचा निकाल लिहिण्याची सक्ती केली, तर सिक्वेन्सिंग सुरू होण्याआधीच निम्मे काम होईल आणि त्यासाठी एक रुपयाही लागणार नाही.

एक मर्यादा आधीच मान्य करायला हवी. ज्याचे कल्चर घेतले जाते, त्याचाच जंतू कुपीत येतो. रक्ताच्या कल्चरचे पैसे नातेवाइकांना स्वतंत्रपणे मोजावे लागत असतील, तर आपल्या नकाशावर ऐपत असलेल्यांचे आणि फार उशिरा, फार खालावून आलेल्यांचेच जंतू दिसतील. तालुक्याच्या लहान दवाखान्यात पहिल्याच दिवशी वरचे अँटिबायोटिक टोचलेला रुग्ण तर दिसणारच नाही. म्हणून आयसीयूत दाखल होणाऱ्या आणि संसर्गाची शंका असलेल्या प्रत्येक रुग्णाचे रक्त, अँटिबायोटिक देण्यापूर्वी, दोन वेगवेगळ्या जागांतून घेऊन तपासण्याचा खर्च शासकीय योजनेच्या पॅकेजमध्ये वेगळा धरला पाहिजे. रुग्णालयाने तो पॅकेजच्या रकमेतूनच भागवायचा असेल, तर तो प्रथम कापला जाईल.

पहिल्या वर्षी फक्त रक्तातले क्लेब्सिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर घ्यावेत, स्वतःहून तयार होतील तेवढीच रुग्णालये घ्यावीत आणि दर तीन महिन्यांनी त्या रुग्णालयांची बैठक घ्यावी. जनावरांच्या कासदाहासाठी टोचली जाणारी सेफॅलोस्पोरिन गटातली अँटिबायोटिके आणि कुक्कुटपालनातली औषधे हा या दुधाच्या जिल्ह्यातला मोठा विषय आहे. कोंबड्यांच्या खाद्यातल्या कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर 2019 मध्ये देशभर बंदी आली, त्याचा जंतूंवर काय परिणाम झाला हेही पाहण्यासारखे आहे. ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हाती घेता येईल. जिल्हा नियोजन समितीपुढे प्रस्ताव न्यायचा असेल, तर तो एवढ्या लहान आकाराचाच न्यावा, आणि त्यात फ्रीजरच्या शेजारी विश्लेषकाच्या पगाराची पाच वर्षांची तरतूद ठळक अक्षरांत असावी.